बसून केलेला नमस्कार

नोव्हेंबरच्या कालेंडला, म्हणजे पहिल्या दिवसाला, सतरा दिवस बाकी. रोम.

थाल्लुसाकडून हिलाराला.

तू बरी असलीस तर बरं आहे. मी बरी आहे.

एकवीस महिन्यांनी लिहिते आहे. लांबण लावत नाही. अल्किमस न्हाव्याच्या बायकोकडून कळलं, की कालेंडच्या आधीच्या पाचव्या दिवशी तू तिबुरहून इथे येणार आणि न्यायाधीशांसमोर शपथेवर सांगणार, की तुझ्या नवऱ्याची चहाडी अल्किमसने केली. तो तुझा हक्क आहे. नवऱ्यासाठी न्याय मागणाऱ्या लेकीला आईने अडवू नये. फक्त एवढंच म्हणते, की अल्किमस बडबड्या आहे, आगाऊ आहे, त्याच्या वस्तऱ्याला धार नसते, पण तो चहाडखोर आहे का, याचा एकदा विचार कर. शपथ घेऊन झाल्यावर विचार करण्यात अर्थ नसतो. जुन्या खबऱ्यांना हल्ली फटके मारून कड्यावरून ढकलतात. मागच्या बाजाराच्या दिवसापासून चौघे गेले. खाली बघायला एवढी गर्दी होते, की भाजलेले हरभरे विकणारे तिथेच ठाण मांडून बसतात.

इथली हकिकत अशी. सम्राटाला मारून उद्या चाळीस दिवस होतील. त्याचं नाव घ्यायला बंदी आहे, लिहायलाही बंदी आहे. शहरभर छिन्न्या वाजत असतात. ज्या कारागिरांनी चार वर्षांपूर्वी ते नाव कमानींवर कोरलं, तेच आता शिडीवर चढून ते खोदून काढत आहेत. पुतळे मात्र फोडत नाहीत. संगमरवर फुकट मिळत नाही. नाक थोडं खाली आणतात, कपाळावरचे केस छाटतात, की झाला नवा सम्राट तयार. कान तेच राहतात. मी ते कान धुतले आहेत, म्हणून मला ओळखू येतात.

मला दुसऱ्याच दिवशी राजवाड्यातून बाहेर काढलं. आता धोब्याच्या दुकानावरची खोली घेतली आहे. खाली कपडे धुवायला मुताच्या घागरी भरून ठेवतात, त्याचा वास वर येतो. सवय होईल.

तू त्या दिवशी राजवाड्याच्या दारात आलीस तेव्हा मी तापाने पडले होते. द्वारपालाने ते तुला सांगितलंच असेल. तू येऊन गेल्याचं मला नंतर कळलं.

रोममध्ये आलीस तर इथे उतर. अंथरूण एकच आहे, मी खाली झोपेन. तिबुरचे दगड आणणारा गाडीवान तुर्बो हे पत्र देईल. त्याच्याच हाती उत्तर पाठव.


कालेंडला चौदा दिवस.

थाल्लुसाकडून हिलाराला.

माझं पत्र परत आलं. मेणाच्या पाट्यांचा दोरा तसाच, मोहोर तशीच. तुर्बोला विचारलं, तर म्हणाला, “मावशी, मी तिच्यासमोर धरलं. ती अक्षरं कोरत होती. मान वर न करता म्हणाली, आईचं आहे? मग चुन्याच्या ढिगावर ठेव. ठेवलं. सासरा म्हणाला, अगं, चुन्यात मेण खराब होईल. तर म्हणाली, होऊ दे. म्हणून मीच उचलून आणलं परत. चांगल्या पाट्या आहेत, वाया का घालवायच्या?”

म्हणून ही पाटी मोहोर न लावता पाठवते. जुनीही सोबत आहे. तू वाचणार नसशील तर तुझे सासरे मोठ्याने वाचतील. तुला कान झाकून छिन्नी चालवता येत नाही.

अल्किमसच्या बायकोकडे गेले होते. तिचं नाव खिओने, तुला आठवत असेल, डोळ्याने जरा तिरळी. बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. मी मधाची पोळी नेली होती. मला बघून उठली, माझ्यासाठी पायरी पदराने पुसली. म्हणाली, “आजी, लोक म्हणतात माझ्या माणसाने तुमच्या जावयाला संडासातून बाहेर पडताना पाहिलं, हातात सम्राटाचं तोंड कोरलेली अंगठी पाहिली आणि जाऊन सांगितलं. का? तर दुकान समोर आहे म्हणून! अहो, समोर तर मासेवालीही बसते. शिपाई दाढी करायला यायचे म्हणतात. शिपायांना काय दाढ्या नसतात? आणि आरसा! नवा आरसा बक्षीस मिळाला म्हणे. तो माझ्या भावाने दिलाय, त्याच्या मागे त्याचं नाव खरवडलंय, येऊन बघा म्हणावं.”

मी आरसा बघितला. नाव आहे.

मग तिने माझा हात धरला. “तुमची लेक तुमचं ऐकेल, आजी. तुम्ही एक शब्द टाका.”

मी म्हटलं, टाकते. हा तो शब्द.

तू म्हणशील, त्या घराबद्दल मी बोलू नये. बोलते. तू नऊ दिवसांची होतीस तेव्हा मालकिणीचं बाळ जन्मलं आणि माझं दूध त्याला लागलं. तुला शेळीच्या दुधावर टाकलं. गुलाम बाईला कुणी विचारत नाही, हे खरं. पण पुढे आपल्याला मुक्ती मिळाली, तू सात वर्षांची झालीस, तरी मी तिथेच राहिले, हे कुणी लादलं नव्हतं. तो ताटातला प्रत्येक कण टिपायचा म्हणून मी त्याला चिमणा म्हणायचे. दुसरं नाव आता लिहिता येत नाही, तेव्हा हेच चालवू. त्याला र म्हणता येत नसे. आठ वर्षांचा होईपर्यंत रोमला लोमा म्हणायचा. तुला मी एक चूक दोनदा करू दिली नाही. त्याचं लोमा मात्र मी लोकांना हौसेने ऐकवत असे.

एकोणिसाव्या वर्षी शिपायांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि सम्राट केलं. म्हाताऱ्या सम्राटाचा तोच एक नातू उरला होता. त्या वर्षी तो किती चांगला होता, हे आता कुणी कबूल करणार नाही. तुरुंगाची दारं त्याने स्वतः उघडायला लावली. तुझ्या लग्नात तोंडावर उपरणं घेऊन आला, आपल्या मातीच्या ताटात मसुराची आमटी जेवला आणि विटालिसच्या बोटात स्वतःच्या तोंडाची अंगठी घालून गेला. तुझा नवरा महिनाभर ती कुणाकुणाला दाखवत फिरला. पुढे छिन्नी चालवून त्याचं बोट जाड झालं आणि अंगठी निघेना. तेल लावलं, गार पाण्यात हात धरला, दोरा गुंडाळून ओढलं. तोवर तो कायदा आला होता, की सम्राटाच्या तोंडाची नाणी आणि अंगठ्या घेऊन संडासात जायचं नाही. मग काय करणार माणूस? विटालिस म्हणायचा, “सगळे त्याला उभं राहून नमस्कार करतात, मी एकटा बसून करतो.” असा हसरा माणूस होता तो. मलाही त्याची आठवण येते.

शपथेचा पुन्हा विचार कर.


कालेंडला अकरा दिवस.

थाल्लुसाकडून हिलाराला.

तुर्बो तुझा निरोप घेऊन आला. दारातच उभा राहिला, डोळे मिटून पाठ म्हणावा तसा म्हणाला: “तिने सांगितलंय, एकही शब्द बदलू नकोस. ‘बसून नमस्काराचं वाक्य आरोपपत्रात होतं. न्यायाधीशांनी मला वाचून दाखवलं तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं. विटालिस मला कधी तसं म्हणाला नव्हता. तुला कधी म्हणाला?’ ” मग डोळे उघडून विचारलं, “मावशी, हे काय प्रकरण आहे?”

मी त्याला म्हटलं, तुला गाडी हाकायला ठेवलंय.

तू लहानपणापासून अशीच. दहा गोष्टी सांगितल्या तर अकरावी विचारणार.

उत्तर देते. त्या सातुर्नालियाला तुम्ही दोघांनी मला जेवायला बोलावलं होतं. मालकांनी चाकरांना वाढायचा सण, म्हणून विटालिस म्हणाला, आज सासूबाई बसतील आणि आम्ही वाढू. तू पोळ्या भाजायला भट्टीशी गेलीस. त्याने माझ्या हातावर पाणी घातलं आणि ती अंगठी माझ्यासमोर नाचवली. “सासूबाई, तुमचा चिमणा हल्ली रोज माझ्याबरोबर असतो बरं का. काल मला म्हणाला, बाकीचे सगळे मला उभं राहून नमस्कार करतात, तू एकटाच बसून करतोस.” मी हसले. मग त्याला दटावलं. तो म्हणाला, “हिलाराला सांगू नका, ती घाबरते. तुम्ही काय, घरच्याच.”

म्हणजे मला त्या दिवशी म्हणाला. पण त्याने ते आणखी कुणाला सांगितलं नसेल असं कसं म्हणता येईल? असला विनोद माणूस एकाला सांगून थांबत नाही. अल्किमसलाही सांगितला असेल. दाढी करताना

वरचं वाक्य मी तीनदा मेण सपाट करून पुन्हा लिहिलं. अर्धंच राहू दे.

चिमणा असा का झाला, हे मला लोक विचारतात, जणू मी दुधात काय घातलं ते मला माहीत असावं. मला माहीत असलेली एकच गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षी तो नाटकगृहात भाषणाला उभा राहिला आणि चुकून लोमा म्हणाला. वीस वर्षांचा सम्राट. चौदाव्या ओळीतला कुणीतरी हसला. तो संपूर्ण भाषण करून खाली बसला आणि त्याने चौदावी ओळ मोकळी करायला सांगितली. सगळी ओळ पकडून नेली. त्यांतली एक बाई गर्भार होती. मी मागच्या बाजूला बसले होते. लोक कुजबुजले तर मी म्हणाले, “पोर आहे. चिडलं. संध्याकाळी सोडेल.” त्याने सोडलं नाही. पुढे दोन वर्षं मी तेच म्हणत राहिले: पोर आहे. रोज आणखी एक घर बंद व्हायचं, आणि मी म्हणायचे, त्याचं पोट बिघडलंय, त्याला झोप नाही, त्याला वाईट सल्ला देतात. त्याच्या तोंडाला देव केलं तेव्हाही मी म्हटलं, लहानपणापासून त्याला नटायची हौस आहे.

आणि ही लोमाची गोष्ट लोकांना माहीत कशी झाली, की ते हसले? मीच तर सांगत फिरायचे.

एक दुरुस्ती. तू दारात आलीस तेव्हा मला ताप नव्हता.


कालेंडला आठ दिवस.

थाल्लुसाकडून हिलाराला.

तुझा काही निरोप नाही. तुर्बो म्हणाला, “वाचून झाल्यावर ती उठून बाहेर गेली. सासरा म्हणाला, आज निरोप नाही, जा.” मी समजले.

आता सरळ लिहिते. ही पाटी तू न्यायाधीशांना दाखवलीस तरी चालेल, म्हणून नीट अक्षरात लिहिते आहे.

चहाडी अल्किमसने केली नाही. मी केली.

सातुर्नालिया संपून दोन दिवस झाले होते. महिनाभर चिमणा हसला नव्हता. जेवत नव्हता, विषाच्या भीतीने आचारी बदलत होता, फक्त माझ्या हातचं खायचा. दुपारची वेळ, मी त्याला डाळिंब सोलून एकेक दाणा देत होते, लहानपणी द्यायचे तसे. तो म्हणाला, “दाई, या शहरात अजून कुणी हसतं का गं?”

मी म्हटलं, “हसतात की.”

“कशावर?”

मला त्याला हसवायचं होतं, हिलारा. एवढंच होतं. सगळा राजवाडा त्याला बघून भिंतीला चिकटायचा, आणि मला दाखवायचं होतं, की मी एकटी त्याला हसवू शकते. मी ती गोष्ट सांगितली. तो हसला. दाणे नाकात जाईपर्यंत हसला. म्हणाला, “पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितली, या खेपेला बाकावर बसून, हात वर करून, नकलेसकट.

मग म्हणाला, “कोण गं तो?”

इथे गप्प बसता आलं असतं. विसरले म्हणता आलं असतं. म्हातारी बाई विसरते. मी म्हटलं, “दुसरा कोण? आपला विटालिस. हिलाराचा नवरा.” अभिमानाने म्हटलं.

“गमतीदार आहे,” तो म्हणाला आणि हात पुढे केला, आणखी दाण्यांसाठी.

मी स्वतःला फार दिवस सांगितलं, की तो बक्षीस देईल असं मला वाटलं. ते खोटं आहे. मांजराचं पिल्लू हातात धरायचा तेव्हा लहानपणी त्याच्या डोळ्यांत जे यायचं ते त्या क्षणी आलं. मी ते ओळखलं. ओळखलं आणि दाणे सोलत राहिले. उठून तुमच्याकडे यायला वेळ होता. तीन दिवस होते. शहराच्या दारापर्यंत गाडी मिळाली असती, तिबुरच्या खाणीत माणूस वर्षभर लपू शकतो. मी म्हटलं, पोर आहे, विसरेल.

तू दारात आलीस तेव्हा मी वरच्या खिडकीशी होते. तू द्वारपालाला म्हणालीस, “माझी आई आत आहे, तिला फक्त सांगा हिलारा आली आहे, ती सगळं ठीक करेल.” मी त्याला खूण केली, आजारी आहे सांग. तू दुपारपर्यंत पायरीवर बसलीस. तू डाव्या पायात चप्पल घातली नव्हतीस.

दोन दिवसांनी चिमण्याने मला बोलावलं, माझी मूठ उघडली आणि त्यात काहीतरी ठेवलं. अंगठी होती. धुतलेली. तो म्हणाला, “दाई, निघाली बघ.”

आणि मी हसले.

भीतीने हसले असं कुणी म्हणेल. मला माहीत नाही. हसले, एवढं खरं. ते तुला सांगायचं नव्हतं. बाकीचं सगळं सांगून हे ठेवून घ्यायचं, असं मी पहिल्या पत्रापासून ठरवलं होतं.

तो मेला तेव्हा मी रडले. तेही लिहून टाकते. त्याच्याच अंगरक्षकांनी न्हाणीघराच्या वाटेवर मारलं, आकड्याने ओढत नदीपर्यंत नेलं. मी अर्ध्या रस्त्यापर्यंत मागे गेले. विटालिसच्या मागे पाऊलभरही गेले नव्हते.

सुनावणीला मी येईन. तू शपथेसाठी हात वर करण्याआधी मी बोलेन. ही अंगठी चहाडी करणाऱ्याशिवाय कुणाकडे असू शकत नाही, तेव्हा न्यायाधीश फार प्रश्न विचारणार नाहीत. कडा उंच आहे, मी वर जाऊन पाहून आले. म्हातारं हाड आहे, वेळ लागणार नाही.

एक मागणं आहे. रस्त्याकडेच्या आपल्या थडग्यावर विटालिसने कोरलं आहे, की हे त्याने स्वतःसाठी, हिलारासाठी आणि आई थाल्लुसासाठी बांधलं. तेव्हा मी म्हटलं होतं, सासू लिही. तो म्हणाला होता, “सासूबाई, सासू हा शब्द दगडात बरा दिसत नाही.” ते नाव काढून टाक. पण इथले कारागीर करतात तसं गुळगुळीत करून त्यावर दुसरं लिहू नकोस. चिमण्याचं नाव असं घासून काढलं, की सगळं शहर एका महिन्यात निर्दोष झालं. धोबी सांगतो, मी कधी टाळ्या वाजवल्याच नाहीत. मीही तसं म्हणायला शिकले असते. तू खड्डा राहू दे. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं, इथे कोण होतं.


कालेंडचा आदला दिवस.

थाल्लुसाकडून हिलाराला.

तू बरी असलीस तर बरं आहे.

तू तिथे होतीस, तेव्हा तुला काय सांगायचं? पण तू खांबाच्या पलीकडे होतीस आणि गोंगाट फार होता, म्हणून लिहिते.

न्यायाधीश तरुण आहे, त्याला सर्दी झाली होती. त्याने विचारलं, “नाव?”

“थाल्लुसा.”

“काम?”

“दाई.”

“कुणाची?”

“ज्याचं नाव घ्यायला बंदी आहे त्याची.”

लोक हसले. तेवढंच तुला ऐकू आलं असेल. मग मी अंगठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, नकलेसकट. या खेपेला कुणी हसलं नाही.

अल्किमसला सोडलं तेव्हा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं थुंकेल. तो म्हणाला, “आजी, माझी दाढी बघा. न्हाव्याची दाढी! दीड महिना कोठडीत, आणि तुम्ही माझ्या बायकोला मधाची पोळी खायला घालत होतात?” खिओने मागे होती. तिने पिशवीतून माझी ताटली काढली, धुतलेली, आणि माझ्या हातात दिली. दोन्ही डोळे तेव्हा सरळ माझ्याकडे होते.

कडा मिळाला नाही. न्यायाधीश म्हणाला, तोंडी सांगितलं, लेखी नाही; वय झालं आहे; आपण होऊन कबूल केलं. म्हणून बेट. उद्या बोट निघते. मला वाटत होतं, कड्याची तयारी ठेवली म्हणजे निदान धीट तरी ठरेन. तेही झालं नाही. दयेवर जगायचं आहे. बेटावर गोडं पाणी कमी आहे आणि शेळ्या पुष्कळ आहेत म्हणतात. शेळीचं दूध माझ्या वाट्याला आता येतं आहे.

न्यायाधीशांनी तुला अंगठी हवी का विचारलं. तू पुढे आलीस. तुला हाक मारावीशी वाटली, पण कोणत्या नात्याने? तू ती अंगठ्यात घातलीस आणि काढलीस. सहज निघाली. मग तू माझ्याकडे पाहिलंस. तेवढं पाहिलंस, ते पुरे आहे. त्यात काय होतं ते मी ठरवणार नाही. मी पूर्वी फार डोळे ओळखत असे.

आज तुर्बो आला. दगड उतरवून थेट इथे चढला, अंगभर पांढरी धूळ. म्हणाला, “मावशी, काम झालं. काल ती स्वतः छिन्नी घेऊन रस्त्यावर गेली. सासरा म्हणाला मी करतो, तर त्याला हातोडीही धरू दिली नाही.”

मी विचारलं, “खड्डा ठेवला ना?”

“कसला खड्डा? नाव तसंच आहे. तुमचं नाव तिने हलवलंही नाही. नावाच्या आधीच्या शब्दातलं पहिलं अक्षर तेवढं खोदून काढलं आणि तिथेच दुसरं बसवलं. आत खोल गेलंय, पण बसलंय बेताचं. मला वाचता येत नाही, पण आकार ध्यानात आहे. थांबा.”

त्याने माझ्या टेबलावरच्या पिठात बोटाने काढून दाखवलं. आधी पोट असलेलं अक्षर, मागे एक उभी रेघ, काना. दा.

आई होतं. दाई केलंस.

तुर्बो विचारत होता, “चांगलं आहे की वाईट?” मी म्हटलं, बरोबर आहे. तो म्हणाला, “मावशी, रडू नका, पुन्हा खोदता येतं.” मी त्याला दगडाबद्दल काहीही कळत नाही म्हणून हाकलून दिलं.

ते अक्षर पिठात अजून आहे. उद्या निघेपर्यंत मी टेबल पुसणार नाही. त्याच्या हातचं वेडंवाकडं आलं आहे. तुझ्या हातचं सरळ आलं असेल. तू एक चूक दोनदा करत नाहीस.

दाई थाल्लुसा